गोधडी, साशिको आणि चौलचं रेशीम



या मालिकेत माझ्याकडून लोक साधारणपणे सीमेवरच्या गोष्टी ऐकतात. आज विषय कापडाचा आहे. जपानी विणकाम, त्यावरचं साशिको नावाचं भरतकाम आणि त्याचं आपल्या गोधडीशी असलेलं नातं. फौजी माणसाचा सुईदोऱ्याशी काय संबंध, असं कुणी विचारण्याआधी सांगून टाकतो. सैनिकाच्या सामानात सुई, दोरा आणि बटणं यांचं एक छोटं पुडकं असायचं. त्याला इंग्रजांपासून चालत आलेलं नाव होतं ‘हाउसवाइफ’. घरवाली लांब, म्हणून पुडक्यालाच घरवाली म्हणायचं! डोंगरातल्या चौकीवर शिंपी नसतो. तिथे फाटलेला कोट ज्याचा त्यालाच शिवावा लागतो. तेव्हा टाका म्हणजे काय, हे मला थोडंफार कळतं.

दुसरं कारण म्हणजे मी राहतो ते शहर. गुरुग्रामला मारुती-सुझुकीची पहिली गाडी १९८३ च्या डिसेंबरात बाहेर पडली, आणि तेव्हापासून इथे जपानी माणसांचा राबता सुरू झाला. पुढे मानेसरपर्यंत जपानी कारखाने पसरले. आज इथे जपानी किराणा मिळतो, जपानी खानावळी आहेत, आणि सोसायटीच्या बागेत सकाळी जपानी आजी-आजोबाही फिरताना दिसतात. आमच्या इमारतीतल्या एका जपानी बाईंनी आमच्या सौ.ना एक निळी पिशवी भेट दिली होती. गडद नीळ, त्यावर पांढऱ्या धाग्याचे टाके. सौ.नी ती उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाल्या, “अहो, हा तर आपला धावदोरा!” तिथून माझं वाचन सुरू झालं.

आधी जपानी कापडाची जुजबी ओळख करून देतो. किमोनोचं कापड अगदी अरुंद मागावर विणतात. पन्हा साधारण ३६ सेंटिमीटर, लांबी सुमारे १२ मीटर. एका ताग्यात एक किमोनो. त्याचे सरळ, आयताकृती आठ तुकडे होतात. गोल कापणं नाही, तिरकं कापणं नाही, त्यामुळे चिंधी उरतच नाही. पूर्वी किमोनो मळला की सगळी शिवण उसवून तुकडे धुवायचे, ताणून वाळवायचे आणि परत शिवायचे. बाहेरून दिसणारा भाग विटला की तो आत जाई. किमोनो संपला की मुलाचे कपडे, मग आसनाची खोळ, मग पोतेरं. अगदीच चिंध्या झाल्या तर त्या फाडून आडव्या धाग्याच्या जागी विणायच्या; या विणीला साकिओरी म्हणतात. आपल्याकडे नऊवारीचं काय व्हायचं ते आठवा. लुगडं, मग दांड घातलेलं लुगडं, मग बाळंत्यं आणि दुपटी, आणि शेवटी गोधडी. दोन्हीकडे हिशेब एकच होता. कापड सरळ ठेवायचं आणि कात्री शक्यतो लावायची नाही.

आता जपानच्या उत्तरेकडे चला. होन्शू बेटाचं वरचं टोक, आओमोरी. हिवाळ्यात माणूस बुडेल एवढा बर्फ पडतो. एवढ्या थंडीत कापूस पिकत नाही. शेतकऱ्याला अंगावर घालायला एकच कापड, तागासारख्या हेम्पचं. ते टिकाऊ, पण विरळ. वारा सरळ आरपार जातो. सुती कापड हवं तर ते दक्षिणेकडून जहाजाने यायचं, आणि गरिबाच्या वाट्याला यायचं ते जुनं, वापरून टाकलेलं. त्यात १७२४ साली त्सुगारू संस्थानाने काटकसरीचा हुकूम काढला. शेतकऱ्यांनी सुती वस्त्रं वापरायची नाहीत. वापरायचं ते हेम्प, रंग निळीचा.

मी आयुष्यभर हुकूम ऐकले आणि दिले. कुठलाही हुकूम निघाला की पहिल्या दिवसापासून शिपाई त्यातली फट शोधायला लागतो. त्सुगारूच्या बायकांनी शोधलेली फट मात्र मानली पाहिजे. कापड सुती नको ना? ठीक आहे. पण धागा? त्यांनी पांढरा सुती धागा घेतला आणि त्या विरळ कापडाचे ताणे मोजून मोजून भरायला सुरुवात केली. एक, तीन, पाच अशा विषम संख्येने धागे उचलायचे. भोकं बुजली, कापड जाड झालं, खांद्यावर ओझं घासतं तिथे जोर आला, आणि छातीवर चौकटी-चौकटींची नक्षी उमटली. याला कोगिन म्हणतात. त्यातल्या छोट्या आकृत्यांची नावं घरगुती आहेत: मांजराचा डोळा, अक्रोडाचं टरफल, फूल, घेवड्याचा दाणा. शेजारच्या नानबू भागात हेच काम सम संख्येने करतात. तिथल्या चौकटी आडव्या पसरतात, कोगिनच्या उभ्या उठतात. एका धाग्याच्या फरकाने गावाची ओळख ठरते. १८९१ साली रेल्वे आओमोरीपर्यंत पोहोचली, गिरणीचं सुती कापड स्वस्त झालं, आणि गरज संपली तशी ही कलाही मागे पडली. पुढे यानागी सोएत्सू या विचारवंताने अशा अनामिक हातांच्या कामाला ‘मिंगेई’, म्हणजे लोककारागिरी, असं नाव दिलं आणि १९३६ साली तोक्योत तिचं संग्रहालय उभारलं. कोगिनकडे पुन्हा लक्ष जायला त्याचं लिखाण बरंच कारणीभूत आहे.

कोगिन ही साशिकोची एक थोरली शाखा. साशिको या शब्दाचा अर्थच बारीक बारीक टोचणं. कापडाचे दोन-तीन थर एकावर एक ठेवायचे आणि धावदोऱ्याने जोडायचे. वरचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा, खालचा किंचित आखूड. सुई लांब असते. सुई पुढे ढकलण्याऐवजी कापड चुण्या पाडत सुईवर चढवतात, आणि तळहातावर चामड्याचं गोल अंगुस्तान असतं त्याने रेटतात. एकदा हात बसला की टाके फार झपाट्याने पडतात. नक्ष्या ठरलेल्या आहेत. समुद्राच्या लाटा, एकमेकांत गुंतलेली वर्तुळं, आणि हेम्पच्या पानाची षट्कोनी नक्षी. हे शेवटचं पान तान्ह्या बाळाच्या कपड्यावर काढतात, कारण ते झाड भराभर आणि सरळसोट वाढतं.

साशिकोचा मला सगळ्यात आवडलेला उपयोग मात्र वेगळा आहे. जुन्या एदो शहरातले, म्हणजे आजच्या तोक्योतले, आग विझवणारे गडी. लाकडाची घरं, त्यामुळे आगी सतत. हे गडी अनेक थरांचा साशिको केलेला जाड कोट घालायचे आणि आगीत शिरण्याआधी तो पाण्याने चिंब भिजवायचे. थर जास्त, टाके दाट, त्यामुळे पाणी धरून राहायचं. कोट बाहेरून साधा. आतून मात्र ड्रॅगन, शूर योद्धे, वाघ रंगवलेले! आग विझली की कोट उलटा करून, चित्रं बाहेर काढून, रस्त्याने मिरवत परत जायचं. जगातल्या कुठल्याही पलटणीत हा प्रकार चालला असता.

आता आपला विषय खरा रंगतो, कारण इथे आपण येतो.

जपानीत कापडावरच्या पट्ट्यांना ‘शिमा’ म्हणतात. शिमा म्हणजे बेट. समुद्रापलीकडच्या बेटांवरून आलेलं कापड ते शिमा, अशी त्याची व्युत्पत्ती सांगतात. सोळाव्या-सतराव्या शतकात पोर्तुगीज आणि मग डच जहाजांतून हिंदुस्थानी कापड जपानला जाऊ लागलं. पट्ट्यापट्ट्यांच्या एका सुती कापडाला तिथे ‘सान्तोमे’ म्हणू लागले. आपल्या मद्रासजवळचं सान थोमे ते हे. आणि दुसऱ्या एका पातळ, पट्टेरी रेशमी कापडाला नाव पडलं ‘चाउ-जिमा’. यातला चाउ म्हणजे आपलं चौल. होय, अलिबागशेजारचं, रेवदंड्याला लागून असलेलं चौल! आज आपण तिथे रामेश्वराचं देऊळ आणि नारळी-पोफळीच्या वाड्या पाहायला जातो. त्या काळी ते कोकणातलं मोठं बंदर होतं, आणि तिथल्या रेशमी विणकामाची नोंद परदेशी प्रवाशांनी केलेली आहे. १५२१ पासून पोर्तुगिजांनी तिथे ठाण मांडलं ते १७४० मध्ये मराठ्यांनी हुसकेपर्यंत. त्यांच्याच जहाजांतून हे कापड पूर्वेला गेलं. जपानात त्याच्या हाकामा शिवत. हाकामा म्हणजे सामुराई घालत तो चुणीदार घोळदार पायजमा. १६८० च्या दशकात क्योतोच्या विणकरांनी ते कापड स्वतः विणायला घेतलं, पण नाव चौलचंच ठेवलं.

जरा थांबून विचार करा. जपानी कोशात आजही चौलच्या रेशमाचं नाव आहे. चौलमध्ये जाऊन विचारलंत तर इथे कधी रेशीम विणलं जायचं हे सांगणारा माणूस शोधावा लागेल. मी दोनदा जाऊन आलो आहे. किल्ल्याच्या तटाचा, तोफांचा इतिहास सांगणारे भेटले. मागाचा कुणी सांगितला नाही. आम्हा मराठ्यांना तलवार लक्षात राहते, धोटा राहत नाही.

छापील हिंदुस्थानी कापडाचंही तसंच. त्याला जपानात ‘सारासा’ म्हणतात. त्याचे वीतभर तुकडेसुद्धा तिथे जिवापाड जपले. चहाच्या समारंभात पूड ठेवायची डबी असते, तिला रेशमी वा सारासाची पिशवी शिवायची, जुने तुकडे वहीत चिकटवून त्यांची नावं लिहून ठेवायची. ज्या कापडाचे वार आपल्याकडे वापरून झिजून गेले, त्याचे तुकडे तिकडच्या वह्यांत सापडतात.

याहून जुना धागाही आहे. बुद्धाच्या भिक्षूंनी लोकांनी टाकलेल्या चिंध्या धुऊन, जोडून चीवर शिवायचं, असा नियम होता. पालीत त्याला पांसुकूल म्हणतात, धुळीतून उचललेलं. विनयपिटकात अशी कथा आहे की मगधातली बांध घातलेली शेतं पाहून बुद्धाने आनंदाला विचारलं, चीवर असं करता येईल का? आनंदाने तसं तुकडे जोडून शिवून दाखवलं. कापलेलं, जोडलेलं वस्त्र चोराच्याही कामाचं नाही, हा त्यातला व्यवहार. चीन-कोरियामार्गे हे वस्त्र जपानात गेलं. तिथे त्याला ‘केसा’ म्हणतात, आपल्या ‘काषाय’ शब्दावरून. ७५२ साली नारा इथे महाबुद्धाच्या मूर्तीचे डोळे उघडण्याचा सोहळा झाला, तो हिंदुस्थानातून गेलेल्या बोधिसेन या भिक्षूच्या हातून. ज्या सम्राट शोमूने ती मूर्ती घडवली, तो ७५६ साली वारला. राणीने त्याच्या वस्तू मंदिराला दिल्या. त्या शोसोइन या भांडारात आजही आहेत, आणि दानाच्या यादीच्या सुरुवातीलाच आहेत केसा. त्यांतल्या काही रंगीबेरंगी रेशमी तुकड्यांचे थर लावून, वरून दाट धावदोरा घालून शिवलेल्या आहेत. सम्राटाने मुद्दाम चिंध्यांचा देखावा केलेलं वस्त्र घातलं! आपल्याकडे नाथपंथी कंथा घालत, आणि गाडगेबाबांना लोक गोधडेबुवा म्हणत, ते याच कुळातलं. साशिको थेट चीवरातून निघालं असं मी म्हणणार नाही. जिथे थंडी आणि चिंध्या आहेत तिथे धावदोरा आपोआप सुचतो. पण दोन्ही देशांत चिंधीला एक मान होता, आणि त्याचं मूळ इकडचं आहे.

आता आजच्या क्विल्टिंगकडे येतो. अमेरिकन पद्धतीचं क्विल्टिंग जपानात रुजलं ते १९७० च्या दशकात. जपानी बायकांनी ते घेतलं आणि आपलं करून टाकलं. अमेरिकन गोधडी लाल-पिवळ्या-हिरव्या रंगांनी बोलते. योको साइतो यांच्यासारख्या जपानी कलाकारांनी मातकट, राखी, चहाच्या गाळासारखे रंग आणले. जवळजवळ एकाच छटेचे पन्नास तुकडे शेजारी ठेवायचे, आणि फरक दाखवायचा तो विणीचा. इथे ते विणलेलं कापड कामाला येतं. पट्टेरी शिमा, गाठाळ धाग्याचं त्सुमुगी, आणि कासुरी. कासुरी म्हणजे आपल्या पटोल्यासारखं, धागा आधी बांधून रंगवायचा आणि मग विणायचा. क्यूशू बेटावरच्या कुरुमे गावात इनोउए देन नावाच्या १२-१३ वर्षांच्या मुलीने विटलेल्या कपड्यावरचे पांढरे ठिपके पाहिले, कापड उसवून धागे तपासले, आणि तसे ठिपके मुद्दाम कसे आणायचे हे शोधून काढलं, असं तिथे सांगतात. ही गोष्ट अठराव्या शतकाच्या अखेरची. अशा कापडाला छपाईची सपाट चमक नसते, जवळ जाऊन पाहावं लागतं. २००२ पासून अनेक वर्षं तोक्यो डोममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या मोठ्या मैदानात, क्विल्टचं प्रदर्शन भरत आलं. आपल्याकडे वानखेडेवर गोधड्यांचं प्रदर्शन भरलंय, अशी कल्पना करून पाहा.

आपल्याकडच्या मुलीही आता हे शिकतायत. इरकली आणि खणाच्या तुकड्यांवर साशिकोच्या लाटा काढलेल्या मी पाहिल्या. चांगलं दिसतं. माझी तक्रार एवढीच, की त्यांना जपानी नक्षीची नावं येतात आणि आजीच्या गोधडीचे टाके कुठून सुरू होतात ते माहीत नसतं. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागात सिद्दी बायका कवंदी शिवतात. त्या कडेपासून सुरुवात करतात आणि चौकोनात चौकोन करत आत, मध्यापर्यंत जातात. वरचे तुकडे आधी जोडून घेत नाहीत. टाका पुढे जाईल तसा तुकडा लावायचा. चारही कोपऱ्यांना घडी घातलेल्या तुकड्यांची फुलं असतात. फूल नसलेली कवंदी त्यांना अपुरी वाटते. ही पद्धत जगातल्या क्विल्ट करणाऱ्यांनी अभ्यासली आहे. बेळगावहून हल्याळ काही लांब नाही.

आता जरा अवघड भाग. जपानात ठिगळांवर ठिगळं लावलेल्या त्या जुन्या कपड्यांना ‘बोरो’ म्हणतात, म्हणजे लक्तरं. आज ती लक्तरं काचेच्या पेटीत असतात आणि मोठ्या फॅशन कंपन्या तशी ठिगळं नव्या कोटांवर लावून विकतात. आओमोरीचे तानाका चुझाबुरो यांनी ही लक्तरं गावोगाव फिरून गोळा केली. लोक द्यायला लाजायचे. घरच्या गरिबीचा पुरावा बाहेरच्याला कोण दाखवणार?

ही लाज मला ओळखीची आहे. आमच्या साताऱ्याकडे गोधडीला वाकळ म्हणतात. आईची वाकळ होती: वर हिरवं इरकली लुगडं, आत वडिलांची धोतरं, बहिणीच्या परकराचे तुकडे, आणि एका कडेला माझ्या शाळेच्या खाकी चड्डीचं कापड. पाहुणे आले की आई तिच्यावर पांढरी चादर अंथरायची. मी कमिशन घेऊन पहिल्यांदा सुट्टीवर आलो तेव्हा माझ्यासाठी नवीन रजई आणली होती. वाकळ माळ्यावर. मी ती खाली काढायला लावली, आणि आई रागावली. तिचं म्हणणं साहेबाने वाकळीत झोपू नये. आता तिला जाऊन बरीच वर्षं झाली. वाकळ गुरुग्रामला माझ्याकडे आहे. मुलगी म्हणते, बाबा, चौकट करून भिंतीवर लावू. सौ. म्हणतात, वापरायची वस्तू वापरावी. मी सौ.च्या बाजूचा आहे, पण मुलीचंही चुकत नाही. दर धुण्याला एखादा टाका जातोच. आईला मात्र ती दिवाणखान्याच्या भिंतीवर मुळीच आवडली नसती, एवढं मला ठाऊक आहे. बोरो पाहताना मला त्या घालणाऱ्या बाईची आठवण येते. ती कलाकार असेल, पण आधी तिला थंडी वाजत होती.

आणि पैशाचंही बोलू. मॉलमध्ये साशिको केलेलं जाकीट हजारोंना विकलं जातं. तेवढेच टाके घालून गावातली बाई गोधडी शिवून देते तेव्हा आपण तिच्याशी मजुरीची घासाघीस करतो. सहा हातांची गोधडी दाट टाक्यांनी शिवायला किती दिवस बसावं लागतं ते एकदा स्वतः वीतभर शिवून पाहा.

आमच्या भागात जुन्या कापडाचं काय होतं तेही सांगतो. आपल्या बोहारणीसारख्या वाघरी बायका स्टीलची भांडी देऊन कपडे नेतात, आणि दिल्लीच्या रघुबीर नगरात पहाटे त्यांचा बाजार भरतो. जे अगदी वाया गेलं ते पानिपतला. होय, तेच पानिपत. तिथे जगभरातले जुने लोकरी कपडे रंगवार लावून, बटणं-चेन काढून, पिंजून त्याचा पुन्हा धागा करतात आणि स्वस्त कांबळी विणतात. रंग मुळातलाच, त्यामुळे नव्याने रंगवावं लागत नाही. हुशारीचं काम आहे. पण त्या कांबळ्यात कुणाचं लुगडं ओळखू येत नाही.

फौजी आहे, म्हणून एक शेवटची गोष्ट. दुसऱ्या महायुद्धात जपानी शिपाई कमरेला एक पट्टा बांधत. त्याला ‘सेन्निनबारी’ म्हणत: हजार जणींचे टाके. आई किंवा बायको रस्त्याच्या कडेला उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बाईकडून लाल धाग्याची एक गाठ घालून घ्यायची. अशा हजार गाठी. व्याघ्रवर्षात जन्मलेल्या बाईला मात्र आपल्या वयाइतक्या गाठी घालायची मुभा, कारण वाघ हजार कोस जाऊन परत येतो अशी समजूत. १९४४ च्या मार्चमध्ये मणिपूरच्या सांगशाक इथे त्या जपान्यांसमोर उभी होती आमची ५ व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन. साताऱ्या-कोल्हापूरची पोरं. त्यांच्या घरीही त्या वेळी कुणीतरी वाकळीला टाके घालतच असणार. दोन्हीकडची कितीतरी पोरं परत गेली नाहीत.

बरं, प्रश्न नेहमी येतात म्हणून आधीच सांगतो. कापडं पाहायची असतील तर मेहरौली-गुरुग्राम रस्त्यावर आनंदग्राममध्ये संस्कृती संग्रहालय आहे, तिथे भारतीय वस्त्रांचं दालन आहे; अर्जनगढ मेट्रो स्टेशन जवळ पडतं. प्रगती मैदानाजवळचं राष्ट्रीय हस्तकला संग्रहालयही पाहा. साशिको करून पाहायचं असेल तर जपानी धागा मागवायची गरज नाही. जाडसर, कमी पिळाचा सुती धागा चालतो. कापड आधी धुऊन आटवून घ्या, नाहीतर पहिल्या धुण्याला चुण्या पडतील. जुनी गोधडी असेल तर ती यंत्रात टाकू नका. टबात गार पाण्यात भिजवा, पिळू नका, आणि दोरीवर न टांगता खाटेवर पसरून सावलीत वाळवा. ओल्या गोधडीचं वजन टाक्यांवर आलं की जुना दोरा तुटतो. आणि तुटलेल्या जागी नवा टाका घालाल तो वेगळ्या रंगाचा घाला, म्हणजे नंतरच्यांना कळेल कुठला टाका कुणाचा.

जय हिंद.